बर्फावरची कच्ची भाजी

केटरिंगच्या धंद्यात भात उरतो, वरण उरतं, बुंदी तर हमखास उरते. ते सगळं संध्याकाळपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या डब्यातून घरी जातं. पण कार्यक्रमात जे काय घडलं, ते कोणी डब्यात नेत नाही. ते आमच्यापाशीच साचत राहतं. मग भांडी गाडीत लादून आम्ही निघालो की कोणीतरी म्हणतं, "अन् त्या दिवशीचं आठवते का?" झालं! पुढचं गाव येईपर्यंत ड्रायव्हरसुद्धा धड गाडी चालवत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. नामदेवभाऊ हे मोहाडीतले केटरर. शकूनबाई त्यांच्या मुख्य आचारी. आणि मी मंजूषा. माझ्या सासरी हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे. दिवसभर गल्ल्याशेजारी बसून जीव आंबला म्हणून नागपूरला बहिणीकडं राहून मी सॅलड डेकोरेशनचा क्लास केला. तिथल्या मॅडमनी शेवटी एक खास गोष्ट शिकवली. चिल्ड रॉ व्हेजिटेबल प्लॅटर!

ती घेऊन मी नामदेवभाऊंकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कच्ची भाजी?"

"हो."

"थंडी?"

"हो, बर्फावर."

नामदेवभाऊंनी आपल्या मोठ्या कढईकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग आपण आजवर तिले शिजवून गरम कायले करत होतो, ताई?"

याचं उत्तर मॅडमनी शिकवलं नव्हतं. पण मला काम मिळालं.

*

पहिलं ताट मोहाडीतच होतं. एका सरकारी बाबूंच्या रिटायरमेंटचं जेवण. मी सकाळपासून बसले. गाजराच्या बोटाएवढ्या काड्या केल्या. काकडीच्या अंगावर काट्यानं रेघा ओढून मग चकत्या काढल्या, म्हणजे कडेला नक्षी येते. मुळ्याला चिरा देऊन बर्फाच्या पाण्यात सोडलं, की तो हळूहळू फुलासारखा उमलतो. फूलकोबीचे तुरे, शिमला मिर्चीच्या पट्ट्या, बोडीतले, म्हणजे गावच्या लहान तळ्यातले, कोवळे शिंगाडे सोलून. मधोमध एक पत्ताकोबी कोरून तिच्या वाटीत लसूण-मोहरी फेटलेला चक्का. खाली कुटलेला बर्फ, वर ओला पंचा. इतकं सुंदर दिसत होतं की मीच दोनदा पंचा उचलून पाहिलं. म्हटलं आता साडी बदलून यावं.

बदलून आले, तर परातीत नुसतं पाणी!

"शकूनबाई, इथलं ताट?"

"टाकली न जी."

"काय टाकली?"

"भाजी. कढईत."

मी कढईत डोकावून पाहिलं. शकूनबाईंनी झारा बाजूला ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

"मंजूताई, इतकी वर्सं झाली मले रांधून राहिले. आजवर कोनी मले भाजी निवडून देल्ली नाही. तुमी तं धुतली, कापली, खराब होऊ नोये म्हनून खाली बर्फ ठेवला! इतकी माया कोन करते जी आचाऱ्यावर?"

आता या बाईला काय सांगायचं? मी फक्त विचारलं, "आणि मधला चक्का?"

"तोई टाकला. ग्रेवी मस्त दाट झाली."

जेवणं झाली. पाहुण्यांनी मिक्स भाजी दोन-दोनदा मागून घेतली. शेवटी नामदेवभाऊ ढेकर देत माझ्याकडं आले. सकाळपासून ते बर्फाच्याच धावपळीत होते, मांडवात काय वाढलं गेलं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"ताई, तुमचं ते प्लॅटर एक नंबर झालं! फक्त जरा गरम होतं."

*

पवनीला एका घराची वास्तुशांती होती. तिथं मी शहाणी झाले. ताट स्वयंपाकाच्या बाजूला ठेवलंच नाही, थेट दाराशी टेबलावर मांडलं. खाली केळीचं पान, चारी बाजूंनी गाजराची फुलं. आणि मी कोपऱ्यात पाळत ठेवून उभी.

पहिल्या आल्या त्या घरमालकांच्या आत्याबाई. ताटासमोर थबकल्या. पाहिलं, चपला मागं सरकवल्या, आणि हळदीकुंकू वाहून नमस्कार केला. त्यांच्या मागच्या सुनेनं केला. तिच्या मागचीनं हातातल्या अक्षता टाकल्या. एकीनं वाकून विचारलं, "कोनता देव हाये व?" दुसरी म्हणाली, "वास्तूचाच असन. थंडा देव हाये, बर्फावर बसवला."

मी धावले. "आत्याबाई, हे खायचं आहे."

"मालूम हाये मले," आत्याबाई म्हणाल्या. "नैवेद्य हाये तं खायचाच हाये. पन आदी देवानं खाल्ला पायजे न!"

लोक बिचारे ताटाभोवती घुटमळत राहिले. मधूनच कोणी विचारायचं, "झालं का?" आणि आत्याबाई ताटाकडं निरखून पाहत सांगायच्या, "नाही. अजून तसंच हाये सारं."

जेवणाची पंगत उठली तरी देवाचं काही आटपलं नाही.

*

दिघोरीचं लग्न मात्र मी जन्मात विसरणार नाही. लाखांदूरच्या बाजूचं गाव, ऐन मे महिना. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, वरून तणीस दाबून आम्ही नेली. धान मळल्यावर जे गवत उरतं ते तणीस. त्यात बर्फ टिकतो असं ड्रायव्हरचं म्हणणं. टिकला असेलही. पण लग्न सकाळचं होतं आणि वरात गावभर नाचत आली दुपारी.

मांडवात त्रिशरण-पंचशील झालं, मंगलगाथा झाली, नवरा-नवरीवर फुलं पडली. मी पंचा उचलून पाहिलं तर बर्फाचं पार पाणी झालेलं. गाजर, काकडी, मुळे सगळं गार पाण्यात पोहतंय आणि वर लिंबाच्या चकत्या तरंगताहेत. म्हटलं, पाणी ओतून टाकू आणि नुसतंच वाढू.

तेवढ्यात नवऱ्याचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, आले. सरकारी नोकरीत चार शहरं पाहून आलेला माणूस. त्यांनी परातीकडं पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि दोन्ही हात आत बुडवले!

"ओ जी, हे काय करून राहिले तुमी?" मी ओरडलेच.

"घाबरू नोका ताई, मोठ्या हॉटेलात पायलं हाये मी. लिंबू टाकलेलं पानी हात धुवाचं रायते." आणि मग मागं वळून त्यांनी मांडवाला हाक दिली, "या रे सारे! इकडं हात धुवा. शहरातल्यासारखी सोय केली हाये पोरीच्या बापानं!"

सारे आले. रांग लागली. पोरीच्या बापाची तर मान अशी ताठ झाली की मला खरं सांगवेना. लोक हात धुवायचे, गार लागलं की "आहा" म्हणायचे, एक-दोघांनी तोंडंही धुतली. शेवटी मोठे बाबा रुमालाला हात पुसत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"सारं बरोबर होतं. फक्त त्याच्यात इतकं गाजर कायले टाकलं, ते नाही समजलं."

*

एक छोटासा किस्सा. भंडाऱ्याला शेतीच्या औषधांच्या विक्रेत्यांची मीटिंग होती, पुण्याहून दोन साहेब आलेले. सकाळी नाश्त्याला इडली. इडलीबरोबर शकूनबाईंनी नारळाची चटणी दिली होती. बाजूला माझं ताट.

एका साहेबांनी इडली घेतली आणि नामदेवभाऊंना विचारलं, "सांबार आहे का?"

"हाये न साहेब! एकदम ताजा!"

आता आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे पुण्याच्या माणसाला कसं कळावं? नामदेवभाऊंनी माझ्या ताटाच्या कडेची बर्फात खोचलेली अख्खी जुडी उपसली, झटकली आणि साहेबांच्या इडलीवर ठेवली.

साहेब जुडीकडं पाहतात, नामदेवभाऊंकडं पाहतात, पुन्हा जुडीकडं. शेवटी भीत भीत म्हणाले, "हे… पिळायचं असतं का?"

नामदेवभाऊ काळजीनं माझ्याकडं आले. "ताई, पुण्याकडं सांभार पिळून खातात का हो?"

*

सगळेच किस्से काही हसत हसत घडत नाहीत. साकोलीच्या बाजूला एका लग्नात माझं ताट माझ्याच अंगाशी आलं होतं. मुलीचे वडील साधे गृहस्थ. वरपक्षावर छाप पडावी म्हणून त्यांनी हौसेनं माझं ताट सांगितलेलं. मी वरपक्षाच्या पहिल्या पंगतीसमोरच ते नेऊन ठेवलं.

नवऱ्याचे मामा पाटावरून उठले.

"हे का हाये?"

"प्लॅटर आहे मामाजी. कच्च्या भाज्या."

"कच्च्या? आमी का जनावरं हाव का? पंगत बसली अन् समोर मुळा-गाजर कापून टाकता?"

पाठोपाठ चौघं उठले. मुलीचे वडील धावत आले. त्यांना नेमकं काय चुकलं तेच कळेना. ते माझ्याकडं पाहत होते, ताटाकडं पाहत होते, आणि हात जोडून नुसतं "पाहुणे, बसा जी, बसा जी," म्हणत होते. आतल्या खोलीत नवरीपर्यंत बातमी गेली आणि तिकडून रडण्याचा आवाज आला. मी म्हटलं, संपलं. एका गाजरापायी सोयरिक मोडणार, आणि ते गाजर मी कापलं!

तेवढ्यात भट्टीवरून शकूनबाई आल्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी मामांना वाकून नमस्कार केला.

"मामाजी, हे खावाचं कोन म्हनलं तुमाले? हे फोटोचं हाये."

"फोटोचं?"

"हो जी. शहरात आता असंच रायते. वरपक्षातला जो सगळ्यात मानाचा मानूस, त्याचा याच्यासंगं फोटो काढतात. आमी तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

मामांनी एकदा ताटाकडं पाहिलं. फेटा दोन्ही हातांनी सारखा केला. "मंग आदी सांगाचं न, बाई!"

फोटोग्राफर आला. मामा ताटाच्या उजवीकडून, मामा ताटाच्या डावीकडून, मामांच्या हातात मुळ्याचं फूल. मग चारही उठलेले पाहुणे एकेकटे. मग सगळे मिळून. मुलीच्या वडिलांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, ही खरंच अशी रीत हाये का?"

मी शकूनबाईंकडं पाहिलं. त्या निघून गेल्या होत्या पुऱ्या तळायला.

पुढं महिनाभरानं आम्हाला तो अल्बम पाहायला मिळाला. पहिल्या पानावर मामा आणि मुळा. नवरा-नवरी चौथ्या पानापासून होती.

*

आणि आता हे शेवटचं. हे घडलं तेव्हा नामदेवभाऊ आणि शकूनबाई दोघंही नव्हते, मी एकटीच होते. त्यामुळं दोघंही अजून मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

पवनीचे वामनराव कापडाचे व्यापारी, आमच्या दुकानाच्या ओळखीचे. त्यांच्या मुलीला, रूपालीला, पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा पुण्यात मॅनेजर!

"चहा-चिवडा तं सारेच देतात," वामनराव म्हणाले. "मॅनेजर मानूस हाये. तुमचं ते बर्फावरचं करा. फक्त एक करा, ताई. रूपालीनं केलं असं आपण सांगू. तुमी आतच राहा."

मला ते काही बरं वाटलं नाही. पण ओळखीचं घर. गेले सकाळीच. रूपाली माझ्या समोर पाटावर बसून होती. मी मुळे कापत होते, ती पाहत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "हे सारं माझ्या नावावर?"

"हो. बाबांनी सांगितलंय."

"बरं," ती म्हणाली. पण तिचं तोंड उतरलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आई-वडील. रूपाली ताट घेऊन बाहेर गेली आणि मी पडद्यामागं उभी राहिले. ताट पाहून मुलाची आई "अगं बाई!" म्हणाली. वामनराव फुलून आले. "पोरीनंच केलं बरं! सकाळपासून एकटी बसली होती."

सगळे ताट पाहून मुलीकडं पाहत होते. मुलगा मात्र मुलीकडं पाहतच नव्हता. त्यानं मुळ्याचं एक फूल उचललं, उलटं केलं, उजेडात धरलं.

"हे बर्फाच्या पाण्यात किती वेळ ठेवलं होतं?"

रूपालीनं पडद्याकडं पाहिलं. मी फटीतून दोन बोटं दाखवली. दोन तास.

"दोन दिवस," रूपाली म्हणाली.

मुलगा गोंधळला. "दोन दिवस? आणि चिरा आधी उभ्या दिल्या की आडव्या?"

मी हातानं उभ्या दाखवल्या. पडदा हलला. तिला ते उलटंच समजलं. "मी… उभ्यानं नाही दिल्या. पाटावर बसून दिल्या."

मुलानं फूल खाली ठेवलं. अगदी हळू म्हणाला, "हे तुम्ही केलेलं नाही."

वामनरावांचा चेहरा राखेसारखा झाला. एवढ्यात मुलाचे वडीलच मुलावर खेकसले, "अरे, तुले काय समजते त्याच्यातलं? तू मॅनेजर मानूस! मुळ्याच्या चिरा कायले मोजून राहिला?"

मुलगा वडिलांकडं पाहत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मी मॅनेजर नाही."

"काय म्हनतो?"

"मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये थंड पदार्थांचा एक विभाग असतो. सॅलड, फळं, असली ताटं. त्याला गार्द मांजे म्हणतात. मी तिथं आहे. नोकरी लागली तेव्हा तुम्हाला फोनवर तेच सांगितलं. तुम्ही मॅनेजर ऐकलं. मी पुन्हा सांगणार, तोवर तुम्ही गावात पेढे वाटून आले होते."

मुलाची आई डोळे विस्फारून बसली होती. मुलगा म्हणाला, "चाकू मिळेल का?"

मला राहवलं नाही. पडदा सारून मीच चाकू आणि एक मुळा घेऊन बाहेर आले. त्यानं माझ्याकडं पाहून नुसती मान लववली, जणू आम्ही एकाच शाळेतले. मुळा फिरवला, सपासप चिरा दिल्या, ताटातल्या बर्फाच्या पाण्यात टाकला. सगळे वाकून पाहू लागले.

"रोज तू हेच करतोस?" आईनं विचारलं.

"हेच."

वडील अजून तिथंच अडकले होते. "मंग तिथला मॅनेजर कोन हाये?"

"तो वेगळा आहे, बाबा."

वामनराव इतके गोंधळले की मला सकाळी बोलावून आणलं होतं ते विसरून माझ्याकडंच वळले, "अन् ताई, तुमी कवा आल्या?"

शेवटी मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वामनराव, तुमच्या पोरीले हे येत नाही, अन् आमच्या पोराले हेच येते. मंग आता कोनं कोनाले पायाचं, तुमीच सांगा."

तेव्हा रूपालीनं मान वर केली. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदा तिनं सरळ त्या मुलाकडं पाहिलं.

"तुमाले स्वयंपाक येते का? शिजवलेला?"

"नाही," तो म्हणाला. "मला तिथं शेगडीजवळ कोणी जाऊ देत नाही."

रूपाली उठली. पदर खोचला आणि आत तोंड करून आईला हाक मारली, "आई, कढई ठेव. पोहे मी करते. खरंच मीच."

मुलाच्या हातात चाकू तसाच होता. तो अर्धवट उठला, एकदा वडिलांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत म्हणाला,

"कांदा मी चिरून देऊ का?"